गोंदणाखालचे ठोके

बिघडलेलं घड्याळ घेऊन दुकानात येणारा माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." चाळीस वर्षांत हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी मीच म्हणतो, "तुम्ही काही केलं नाही, ठाऊक आहे. आता काय केलं ते सांगा." मग माणूस हसतो आणि खरं सांगतो. कोणी घड्याळासकट तलावात उडी मारलेली असते, कोणी ते धुण्याच्या मशीनमध्ये फिरवलेलं असतं. एका गृहस्थांनी तर आतून कसं असतं ते बघावं म्हणून सुरीने उघडलं होतं. पण आपोआप.

तिरोड्याच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काचेचं टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. चावीची घड्याळं गेली, सेलची आली, मग मोबाइल आला आणि लोकांनी मनगटंच मोकळी करून टाकली. पुढे कितीतरी वर्षं मी नुसते सेल बदलले आणि पट्टे विकले. दुकान बंद करून टाकावं असं ठरत आलं होतं, तेवढ्यात लोकांची मनगटं पुन्हा भरली. पहिलं स्मार्टवॉच माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी सवयीने ते उचलून कानाला लावलं. आवाज नाही. "गेलं हे," मी म्हणालो. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, चालू आहे ते. फक्त वेळ चुकीची दाखवते." त्या दिवशी मला कळलं की धंदा पुन्हा पहिलीपासून शिकावा लागणार. वय तेव्हा सत्तावन्न होतं. शिकलो.

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहून द्या असं सांगण्यात आलं तेव्हा वाटलं, आपली हुशारी दिसेल अशा चार गोष्टी लिहाव्यात. लिहायला बसलो तर जी एक चूक केली तीच समोर येऊन बसली. ती सांगणारच आहे. पण आधी हे काम काय असतं ते सांगतो, म्हणजे चूक नीट कळेल.

स्मार्टवॉच हे अर्धंच घड्याळ असतं. उरलेलं अर्धं फोनमध्ये असतं. वेळ फोनकडून येते, निरोप फोनकडून येतात, पावलांचा हिशेब फोनमध्ये जातो. लोक मात्र दुकानात फक्त घड्याळ आणतात आणि फोन घरी चार्जिंगला लावून येतात. लग्नाला नवरी आणून बसवली आणि नवरदेव घरीच, तसा प्रकार. दोन-चारदा लोकांना परत पाठवलं, शिव्या खाल्ल्या, आणि मग मीच घरोघरी जायला लागलो. स्कूटीच्या डिकीत चिमटे, ब्रश, खोडरबर आणि दोन-तीन जातींचे चार्जर. लोक मला 'घडीवाले डॉक्टर' म्हणू लागले. मी वरवर नको नको म्हणत असे, पण खोटं कशाला बोलू, आवडायचं.

घरच्या घरी करण्यासारखे उपाय मी फुकट सांगतो. त्याने धंदा बुडत नाही, कारण लोक ऐकतात आणि करत नाहीत. चार्ज होत नसेल तर घड्याळाच्या पाठीवरचे धातूचे बारीक ठिपके बघा. घाम आणि साबण साचून तिथे कीट चढते. शाळेच्या खोडरबराने हलकं घासा, कोरड्या फडक्याने पुसा, बरीचशी घड्याळं तिथेच उठून बसतात. पडदा गोठला असेल तर बाजूचं बटण दाबून धरा आणि मनात वीस आकडे मोजा. लोक पाचलाच सोडतात आणि म्हणतात, काही होत नाही. फोनशी जुळत नसेल तर फोनमधून त्या घड्याळाचं नाव पुसून टाका आणि नव्याने ओळख करून द्या. फोनची बॅटरी वाचवायची सोय घड्याळाच्या ॲपला झोपवून ठेवते, तेवढ्या ॲपपुरती ती बंद करा. मनगटाला पुरळ आलं तर घड्याळ काढून कातडीला वारा लागू द्या. पट्टा एक बोट जेमतेम जाईल इतकाच ठेवा, बांगडीसारखा खेळवत ठेवू नका.

आणि भिजलं तर धानात घालू नका. हे मुद्दाम सांगतो, कारण ही चूक फक्त आमच्या जिल्ह्यातलाच माणूस करू शकतो. ओलं घड्याळ तांदळात ठेवायचं असं लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. त्याने फारसं काही होत नाही, पण शहरात तांदूळ सोललेला तरी असतो. आमच्याकडे तांदूळ डबाभर आणि धान खोलीभर. एका राइस मिलवाल्या शेटजींनी घड्याळ थेट धानाच्या पोत्यात खुपसलं, आणि कोणत्या पोत्यात ते विसरले. दोन दिवस हमालांनी पोती उपसली. घड्याळ सापडलं तेव्हा माइकच्या भोकात धानाची कूस, म्हणजे टोकदार कुसळं, गच्च बसली होती आणि शेटजी बोलायला लागले की पलीकडच्याला नुसती खरखर ऐकू यायची. भिंग लावून चिमट्याने मी एकेक कूस काढली. "अगली बार चावल में रखूं ना?" शेटजींनी विचारलं. "अगली बार बंद करके पंखे के नीचे रखो, और नहाते समय उतारो," मी म्हणालो.

नागझिऱ्याच्या एका गाइडचं घड्याळ तर काहीच बिघडलेलं नव्हतं. भल्या पहाटे जिप्सीत पर्यटकांना गप्प करायला तो हात वर करायचा, आणि हात वर केला की घड्याळ झगझगीत पेटायचं. जंगलातलं जनावर राहिलं बाजूला, सगळे याच्याच मनगटाकडे बघत. मनगट उचलल्यावर उजेड लागण्याची सोय मी बंद करून दिली. काम एका मिनिटाचं होतं, पण त्याने मला कँटीनमध्ये बसवून पोटभर पोहे खिलवले.

अशी सगळी कौतुकाची कामं चालली असताना पुण्याहून दिलीपचा फोन आला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, आठवडाभर अवकाश होता.

"काका, माझं गाव बोदलकशाच्या तलावाजवळ आहे," तो म्हणाला. "आई तिथे एकटीच असते. तिला मी स्मार्टवॉच घेऊन दिलंय. तिच्या नाडीचे ठोके माझ्या फोनवर दिसतात. म्हणजे दिसायला हवेत. पण ते दिवसातून दहा वेळा सांगतं, नाडी लागत नाही."

पहिल्यांदा तसा निरोप आला तेव्हा त्याने पुण्याहून फोन करून शेजाऱ्यांना पळवलं होतं. शेजारी धापा टाकत घरात शिरले तर आई भाताची पेज काढत होती. चार वेळा असं झाल्यावर शेजारी पळेनासे झाले आणि दिलीपची झोप उडाली. वडील अचानक गेले होते, शेतातच, आणि कोणाला तासभर कळलंही नव्हतं. तेव्हापासून त्याच्या मनात धास्ती होती. त्याने आईला निक्षून सांगितलं होतं, घड्याळ नीट चाललं तरच गावात राहायचं, नाहीतर दिवाळीच्या आत पुण्याला यायचं. म्हणजे त्या बाईंचं घर, दोन एकर धान आणि गोठ्यातली गाय, सगळं त्या चौकोनी डबीवर टांगलेलं होतं.

मी गेलो. पार्बताबाई, वय सदुसष्ट-अडुसष्ट, अंगाने काटक, आवाज खणखणीत. मला बघताच म्हणाल्या, "तूच का घडीवाला? ये भाऊ, बस. हे बला काढ माज्या हातातली."

"काढत नाही बाई, दुरुस्त करतो."

"तेच मनतो ना. नाईतं पोरगा मले उचलून नेते."

मी घड्याळ पुसलं, बंद करून चालू केलं, त्यांच्या फोनशी पुन्हा जुळवलं. माझ्या मनगटावर बांधलं तर चौऱ्याहत्तर ठोके. त्यांच्या मनगटावर बांधलं तर नुसत्या दोन आडव्या रेघा. पुन्हा माझ्या, पुन्हा चौऱ्याहत्तर. पुन्हा त्यांच्या, पुन्हा रेघा.

"बाई, तुम्हाला तर नाडीच नाही," मी थट्टेने म्हणालो.

"मंग मी भूत हाय का? तू पिऊन राहिला तो चहा कोनं केला?"

चहा पिता पिता त्यांनी कपाळाचा घाम पुसायला हात वर केला, बांगड्या घसरून कोपराकडे गेल्या, आणि मला दिसलं. मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत गोंदण. ठिपके, रेघा, पानं, एकाशेजारी एक, हिरवट काळं आणि दाट. दुसऱ्या हातावरही तसंच.

इथे थोडं कामाचं सांगतो. या घड्याळांच्या पाठीत हिरवा दिवा असतो. तो कातडीतून आत उजेड टाकतो. प्रत्येक ठोक्याला रक्त पुढे सरकतं, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. गोंदणाची शाई तो उजेड वाटेतच पिऊन टाकते. घड्याळाला वाटतं, पलीकडे माणूसच नाही. हे घड्याळ बनवणाऱ्याच्या डोक्यात आमच्या झाडीपट्टीतली म्हातारी बाई आलीच नसणार.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा पार्बताबाईंनी स्वतःचा हात लांब धरून बघितला. "नऊ वर्साची होती मी. जत्रेत गोंदनारीन आली होती. मायनं धरून ठेवलं, मी बोंबलून राहिली. माय मने, सोनंनानं इथंच राहाते पोरी, हे तुज्यासंगं वर येईल." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तं आता हे पोराच्या मशीनीले चालत नाई का?"

मी दोन्ही हात उजेडात धरून तपासले. डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, आतल्या अंगाला, रुपयाएवढी कोरी कातडी सापडली. भोवती सगळीकडे ठिपके आणि मध्येच ती मोकळी.

"इथे काऊन नाही गोंदलं?"

"तिथं मी हात ओढून पराली," त्या म्हणाल्या. "मंग मायलेच कंटारा आला."

नऊ वर्षांच्या पोरीने हात ओढून पळ काढला आणि तेवढी जागा घड्याळासाठी मोकळी राहिली. मी पट्ट्याला टोच्याने दोन भोकं वाढवली, घड्याळ त्या जागेवर नेमकं बसवलं आणि वाट बघितली. हिरवा दिवा लुकलुकला. रेघा गेल्या. आकडा आला, सेहेचाळीस.

मी इतका खूश झालो की आकड्याकडे बघितलंच नाही. आकडा आला यालाच मी दुरुस्ती समजलो. दिलीपला फोन लावून गोंदणाची सगळी हकिकत ऐकवली. तो पोटभर हसला, मग म्हणाला, "पण काका, सेहेचाळीस? कमी नाही का?"

इथे मी चुकलो. माझ्या अर्धवट वाचनात आलं होतं की पळणाऱ्या खेळाडूंची नाडी सावकाश चालते. मी ठोकून दिलं, "अरे, जन्मभर शेतात राबलेलं शरीर आहे ते. अशांची नाडी कमीच असते. शिवाय घड्याळ स्वस्तातलं आहे, चार-सहा ठोके इकडेतिकडे धरायचेच." आणि एवढ्यावर थांबलो नाही. पन्नासच्या खाली गेलं की इशारा वाजायचा, ती मर्यादा मी चाळीसवर नेऊन ठेवली, म्हणजे उगाच कटकट नको. दिलीप निश्चिंत झाला. पार्बताबाई तर इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी डब्यात भरून दिली.

"घरी कोन खाते?" त्यांनी विचारलं.

"मीच. बायको जाऊन पाच वर्षं झाली. मुलगी रायपूरला असते."

"मंग दोन दिस पुरवून खा," त्या म्हणाल्या.

परत येताना मी स्कूटीवर गुणगुणत होतो. त्या आठवड्यात गोंदणाची गोष्ट मी बाजारात निदान दहाजणांना सांगितली. घडीवाल्या डॉक्टरची हुशारी.

तीन आठवड्यांनी एक ट्रॅक्टरवाला आला. त्याची तक्रार अशी की दिवसभर ट्रॅक्टरवर बसून चिखलणी करतो आणि घड्याळ म्हणतं पंधरा हजार पावलं चाललास. "बायको मनते, रोज कोनाच्या घरी चालत जातेस?" ट्रॅक्टरचे हादरे घड्याळाला पावलं वाटतात, हे मी त्याला समजावलं आणि बायकोसाठी तसं कागदावर लिहूनही दिलं. तो निघता निघता माझ्या लक्षात आलं, हे घड्याळ पार्बताबाईंच्या घड्याळाच्याच जातीचं आहे, अगदी तेच. सहज म्हणून ते मनगटावर बांधलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी मोजली. घड्याळ म्हणालं सत्तर, मी मोजले एकाहत्तर. ट्रॅक्टरवाल्याची मोजली. तीही जुळली.

म्हणजे स्वस्तातलं घड्याळ पावलं चुकत होतं, पण ठोके चुकत नव्हतं.

सेहेचाळीस हा आकडा तेव्हा पहिल्यांदा मला नीट दिसला. मी घड्याळ तपासायला गेलो होतो, घड्याळ तपासून आलो. ज्या हातावर ते बांधलं होतं तो हात मी चार वेळा धरला, उजेडात फिरवला, आणि एकदाही नाडीवर बोट ठेवलं नाही. शटर ओढलं आणि निघालो.

गावात पोचलो तर घराला कडी. बाया रोवणीला गेल्या होत्या. चिखलाने भरलेल्या बांधीत दहा-बारा जणी ओळीने वाकलेल्या, पण त्यात पार्बताबाई नव्हत्या. त्या कडेच्या धुऱ्यावर, लावायच्या रोपांच्या म्हणजे पऱ्ह्यांच्या पेंढ्यांशेजारी बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून, डोळे मिटून. घड्याळ हातात नव्हतंच. चिखलात खराब होईल म्हणून, दिलीपला तसं सांगून, घरी डब्यात ठेवलं होतं.

"काय झालं बाई?"

"काई नाई रे. डोऱ्यापुढं जराशी अंधारी येते. मुकाट बसलं का जाते."

"कधीपासून?"

"असंन महिना-दीड महिना."

मी त्यांचा हात घेतला. माझ्या हातावर माझं जुनं चावीचं घड्याळ असतं, सेकंदकाट्याचं. चावीच्या घड्याळाचं चक्र सेकंदाला पाच ठोके देतं, आणि असे ठोके कानाने मोजून घड्याळ पुढे पळतंय की मागे पडतंय हे ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. मोजण्यात माझी चूक होत नाही. गोंदणाच्या ठिपक्यांवर बोटं ठेवली आणि सेकंदकाटा पूर्ण फिरू दिला. अडतीस. पुन्हा मोजले. सदतीस. दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा होती की प्रत्येक वेळी वाटायचं, आता पुढचा येत नाही.

मी खिशातून फोन काढला. पार्बताबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कोनाले लावतेस?"

"दिलीपला."

"नको लावू भाऊ. रोवना तं होऊ दे. आठ दिस राहिले." मग त्यांचा आवाज खाली आला. "तो एकडाव घेऊन गेला का मले परत येऊ देनार नाई. गाय विकंल, घराले कुलूप लावंल. तिथं मी खिडकीत बसून काय करू? तू सांग ना त्याले, घडी खराब हाय. तुजं आयकते तो."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दिलीप माझं ऐकत होता, म्हणूनच तर हे झालं होतं. कबूल करतो, मी क्षणभर थांबलो. आठच दिवस, असं मलाही वाटून गेलं. त्या बाईंच्या डोळ्यांत त्या वेळी जी विनवणी होती ती मला अजून सहन होत नाही. पण बोटांना अजून ते ठोके लागत होते.

"तू सांगशील तं मी तुज्यासंगं बोलनार नाई," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. आकडा सांगितला. पलीकडून दिलीप म्हणाला, "पण काका, तुम्हीच म्हणाला होतात..."

"मी म्हणालो होतो. चूक माझी आहे. आता बोलण्यात वेळ घालवू नको. मी यांना तिरोड्याला डॉक्टरकडे नेतो, तू निघ."

शेजाऱ्याच्या गाडीत त्या माझ्या बाजूला बसल्या, पण तोंड खिडकीकडे. चिखलाचे पाय तसेच. तिरोड्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बघून लगेच नागपूरला पाठवलं. हृदयाला ठोका द्यायचा हुकूम वरून खाली पोचत नव्हता, असं तिथल्या डॉक्टरांनी दिलीपला सांगितलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्या धुऱ्यावर बसल्या बसल्याच गेल्या असत्या. छातीत कातडीखाली एक छोटं मशीन बसवलं, ठोका चुकला की ते ठोका देतं. मी दवाखान्यात दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपल्या नव्हत्या. झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा घट्ट नसतात.

दिलीपने त्यांना पुण्याला नेलं. गाय शेजाऱ्याला दिली, शेत अधिकीने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, घराला कुलूप. जाण्यापूर्वी तो दुकानात येऊन माझ्या पाया पडला. मी त्याला पडू द्यायला नको होतं. आई गाडीतच बसून होती. काच वर होती.

लोक म्हणाले, तुम्ही जीव वाचवला. मी हो म्हणायचो. पण खरं हे की मी आधी तो तीन आठवडे धोक्यात टाकला आणि मग वाचवला. आणि वाचवताना त्यांनी जे मागितलं होतं तेच नेमकं काढून घेतलं. एकदा बोदलकशाच्या तलावात मासे धरणाऱ्या एका ढिवराचं घड्याळ बघायला गेलो होतो, येताना त्या घरावरून आलो. अंगणात गवत गुडघ्याइतकं वाढलं होतं. मी स्कूटी थांबवली नाही. त्यानंतर मात्र एक नियम केला. नाडीची तक्रार घेऊन कोणीही आलं की आधी माणसाचा हात धरायचा, पूर्ण मिनिटभर मोजायचं, आणि मगच घड्याळाकडे बघायचं. आकडा विचित्र असेल तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायचा आणि त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. इशाऱ्याची मर्यादा मी आता कोणाचीच बदलत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी, सकाळी मी दुकानाचं शटर वर ढकलत होतो. गंजलेलं शटर आहे, अर्ध्यात अडकतं. मागून आवाज आला, "एवढासा पत्रा उचलता उचलता धापा टाकून राहिला तू."

पार्बताबाई होत्या. हातात पिशवी, पायात नवी चप्पल. अंगावर जरा मूठभर मांस चढलेलं. मी स्टूल पुसून पुढे केलं.

"कधी आलात?"

"झाले पंधरा दिस. डाक्टरनं सांगतलं, आता कुठंबी राहा. पोराले मनलं, तुज्या घरी मी पाहुनी. पाहुन्यानं किती दिस राहाचं?" त्या स्टुलावर बसल्या. "गाय वापस आनली. शेजारीन देत नव्हती, भांडून आनली."

मी म्हणालो, "बाई, मी तेव्हा..."

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मीच दोन भोकं पाडलेला पट्टा. "हे तुले आनलं. मले आता एक मशीन पुरे. ह्या घडीच्या चार्जरात लोहचुंबक हाय, छातीजवर नको नेऊ मनते डाक्टर, कोन ध्यान ठेवंल? तू घाल."

"माझ्याकडे काय घड्याळांना तोटा आहे?"

"तुजी नाडी मोजनारी एकबी नाई. कवाची पाहून राहिली मी, तोंड लाल झालं तुजं. घाल मनलं ना."

त्यांच्यासमोर माझं चालत नाही हे मला एव्हाना कळलं होतं. मी त्यांचं जुनं खातं पुसलं, माझा फोन जोडला, घड्याळ मनगटावर बांधलं. त्याने माझं वय विचारलं, वजन विचारलं, मी भरत गेलो. मग पडद्यावर प्रश्न आला, काही झालं तर कोणाला कळवायचं? हा रकाना मी आजवर कितीजणांचा भरून दिला असेल. तिथे माझं बोट थांबलं. मुलीचा नंबर टाकला तर ती रायपूरला घाबरणार, आणि इथे पोचेपर्यंत दिवस मोडणार. दुसरं नाव आठवेना.

पार्बताबाई टेबलावरून वाकून बघत होत्या. वाचता येत नाही, पण मी अडकलो हे त्यांना कळलं.

"काय पुसते ते?"

मी सांगितलं.

"माजा नंबर टाक," त्या म्हणाल्या. "तू माजी चुगली माज्या पोराजवर केली. आता तुजी चुगली माज्याजवर येऊ दे. मी येतो मंग गाडी घेऊन, आनि तू कितीबी हात जोडले तरी तुज्या पोरीले सांगतो."

त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला, एकेक आकडा सावकाश, मी चुकू नये म्हणून दोनदा. मी तो टाकला.